पातेल्याची मोहीम

मी खोटारडा माणूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून तुमचा तसा समज होईल. छत्तीस वर्षं विमा कंपनीत काढली, शेवटची सात असिस्टंट मॅनेजर म्हणून, आणि एवढ्या काळात एकाही फॉर्मवर एक खोटं अक्षर लिहिलेलं नाही. बायकोशी खोटं बोलणं ही गोष्ट वेगळी. तिथे फॉर्म नसतो.

तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनोरमेने माझ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "उन्नतीच्या साखरपुड्याला बाकीचं काय ते केटररला करू दे. खीर मी करणार. आईच्या पातेल्यात."

उन्नती आमची मुलगी. साखरपुडा नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, पासष्ट माणसं. हे सगळं मला मान्यच होतं. फक्त चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला. कारण आईचं पातेलं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं पन्नास लिटरचं पितळी पातेलं, आमच्या माळ्यावर आहे असं मनोरमा धरून चालली होती, आणि ते मे महिन्यापासून तिथे नव्हतं. ते वसईजवळच्या गिरीज गावात होतं. मीच दिलं होतं. तिला न विचारता.

आता कसं दिलं ते ऐका, म्हणजे माझी बाजूही कळेल. मनोरमा आंब्यांच्या दिवसांत भावाकडे लांज्याला गेली होती. भूपेश आमच्या गेटवर आठवड्यातून दोनदा केळी आणि भाजी घेऊन येतो, गिरीजला त्याची वाडी आहे. त्याच्या मुलीचं, मनालीचं लग्न ठरलेलं. तो केळ्यांचा घड वर घरात द्यायला आला, आणि मी, घरात एकटा आणि बोलायला कोणी नाही म्हणून, त्याला माळ्यावरचं पातेलं दाखवलं. "पन्नास लिटर," मी म्हटलं. "आता असं भांडं घडवणारा मिळायचा नाही." भूपेश वर बघतच राहिला. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, आमचा फुटला. आई म्हणते मांडवात पितळेचा भांडा चढल्याशिवाय लगीन नाय. दोन दिवस द्याल का?" बायको घरात नसताना कोणी आपल्याला 'साहेब' म्हणून हात जोडले तर तुम्ही काय केलं असतंत? मीही तेच केलं. "घेऊन जा रे, आपलंच आहे," असं म्हणालो. हे 'आपलंच' मला पुढे फार महाग पडलं.

त्यातून आमची सोसायटी. गेटबाहेर घरातली वस्तू न्यायची तर गेटपास लागतो, आणि 'परत येणारी वस्तू' असेल तर गुलाबी कागदाचा. हा नियम जितेशने आणला. जितेश म्हणजे आमचा सेक्रेटरी, वय चौतीस, दिवसभर घरूनच कामावर असतो आणि म्हणून सोसायटीवर चोवीस तास लक्ष ठेवून असतो. त्या गुलाबी कागदावर 'मालकाचे नाव' असा रकाना आहे. तिथे मी माझं नाव लिहू शकलो असतो. पण छत्तीस वर्षांची सवय. लिहिलं, 'सौ. मनोरमा'. खाली 'मालकाची सही' होती, तिथे 'करिता' लिहून मी सही केली. एवढ्या प्रामाणिकपणाची फळं मी पुढे दीड महिना चाखली.

दोन दिवसांचे पाच महिने झाले. भूपेश दर खेपेला गेटवर भेटायचा, हसायचा, "साहेब, भांडा येतोय हां," म्हणायचा, आणि मी "अरे काय घाई आहे!" म्हणायचो. मला घाई नव्हतीच. मनोरमा वर्षातून एकदा माळ्याकडे बघते.

त्या दिवशी चहा गार झाला आणि मी उठलो. पहिलं काम माळा. बाथरूममधला निळा प्लॅस्टिकचा टब घेतला, माळ्यावर पालथा घातला, त्यावर जुनी चादर टाकून सुतळीने बांधला. खालून पाहिलं तर पातेलंच. मनोरमा बाजारातून आली, सहज वर पाहिलं आणि म्हणाली, "किती जपून ठेवलंय हो तुम्ही!" मला तेव्हा जे वाटलं ते इथे लिहीत नाही. मी गॅलरीत गेलो आणि तुळशीला दुसऱ्यांदा पाणी घातलं.

दुसरं काम गिरीजला जाणं. पण जायचं तर घरी काय सांगायचं? निवृत्त माणसाला पाचशे पावलांपलीकडे जायचं असेल तर कारण द्यावं लागतं. आणि इथे जितेश नकळत माझ्या मदतीला आला. सोसायटीचा दिवाळी अंक निघणार होता, नेहमीप्रमाणे दिवाळी उलटल्यावर, मोबाईलवर वाचायचा. त्यात 'एक शब्द, एक पान' असं सदर होतं. जितेश म्हणाला, "काका, तुमचं मराठी भारी आहे. एक शब्द घ्या, अर्थ, वापर, सगळं लिहा." मी तिथल्या तिथे म्हटलं, "मोहीम."

शब्द मी उगाच नाही निवडला. मला त्या शब्दाचा राग येत होता. जितेश जिन्यातली जळमटं काढायला निघाला की ती 'स्वच्छता मोहीम'. महापालिका गटारातली पिशवी काढते ती मोहीम. दुकानदार मोबाईल विकतो तीही मोहीम. अरे, वसईत राहता! इथे चिमाजी अप्पांची मोहीम झाली, दोन वर्षं चालली, हत्ती, तोफा, सुरुंग! आणि तुम्ही फिनेलची बाटली घेऊन मोहिमेवर? मी मनोरमेला सांगितलं, "मला या शब्दाचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास करायचा आहे. किल्ला, परिसर, जुनी माणसं. चार-पाच फेऱ्या होतील."

"आज मग स्वारी किल्ल्यावर का?" ती म्हणाली.

मी वहीत टिपून घेतलं. स्वारी: प्रमुख स्वतः जातीने निघाला की ती स्वारी. घरगुती वापर: नवऱ्याबद्दल, थोड्या संशयाने.

पहिली मोहीम रीतसर होती. मी स्कूटर काढली, हेल्मेट घातलं, आणि गिरीजच्या वाडीत भूपेशच्या घरापुढे उतरलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: भूपेश, ते पातेलं आता लागणार आहे, आज टेम्पोत टाकून दे. एकच वाक्य. भूपेश घरी नव्हता. त्याची आई होती, बायजा, सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, हातात कोयता. मला बघताच कोयता टाकून तिने पदराने खुर्ची पुसली.

"बसा बसा. साहेब तुमी! आमच्या मनालीच्या लग्नाचा भांडा तुमचाच ना? चारशे मानसा जेवली बगा."

आता अशा बाईला तोंडावर 'माझं भांडं परत द्या' असं कसं म्हणायचं? मी म्हटलं, "सहज आलो. इकडून जात होतो." गिरीजच्या त्या वाडीतून पुढे रस्ता कुठेच जात नाही, हे तिलाही माहीत होतं. तिने चहा दिला, आणि निघताना केळ्यांच्या दोन फण्या कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवल्या. मी नको नको म्हटलं. ते कोणी ऐकत नसतं.

घरी मनोरमा म्हणाली, "किल्ल्यावर केळी मिळतात?"

"जुनी माणसं भेटली," मी म्हटलं.

"बरं. पण ही पिशवी त्यांची आहे. परत करायला नको?" आणि तिने पिशवी धुतली, वाळवली, आणि तिच्यात पोह्याचा चिवडा भरलेला डबा ठेवला. "कुणाची पिशवी रिकामी पाठवतात का?"

हे वाक्य लक्षात ठेवा असं मी म्हणणार नाही, कारण मला स्वतःला ते तेव्हा कळलं नाही. मी डबा घेऊन पुन्हा गिरीजला गेलो. बायजाने पिशवी पाहिली, डबा पाहिला, आणि तिच्या चेहऱ्यावर अवघड जागी सापडल्यासारखा भाव आला. डबा आमचा. तो रिकामा कसा द्यायचा? तिने त्यात तांदळाचं पीठ भरलं. पिशवी रिकामी राहते म्हणून तिच्यात पडवळ. पडवळ पिशवीत मावेना म्हणून दुसरी पिशवी. म्हणजे आता त्यांच्या दोन पिशव्या माझ्या घरी. मनोरमेने एकीत लाडू घातले, दुसरीत लिंबाचं लोणचं, बरणीसकट. बरणी तिकडे गेली, ती ओलं खोबरं घेऊन परत आली.

तीन आठवड्यांत माझ्या पाच मोहिमा झाल्या. घरात अकरा नारळ, दोन दुधी, अळूची जुडी आणि न संपणारी केळी होती. पातेलं गिरीजलाच होतं. मी वहीत लिहिलं, 'मुलूखगिरी: दसऱ्यानंतर बाहेर पडावे, परमुलखातून मिळेल ते घेऊन यावे. मूळ उद्दिष्ट मागे पडण्याची शक्यता असते.' हे शेवटचं वाक्य कुठल्याच कोशात नाही.

मला बसवेना. पेपर हातात घ्यायचो आणि तेच पान दोनदा वाचायचो. मनोरमा स्टुलाकडे गेली की मीच पुढे होऊन स्टूल उचलायचो. "हे काय, सारखे येरझारा घालताय?" ती विचारायची. "विचार करतोय, शब्दाचा," मी म्हणायचो. मग ती काळजीने म्हणायची, "एका शब्दाचा एवढा त्रास करून घेऊ नका हो." तिची ती काळजी मला सर्वांत जास्त टोचायची.

शेवटी मी तळमजल्यावरच्या प्लासिडला सगळं सांगितलं. प्लासिड मूळचा वसईचा, शाळामास्तर होता, आता आमच्याच इमारतीत मुलाकडे राहतो. तो सगळं ऐकून इतका हसला की चष्मा काढून पुसावा लागला.

"अरे बाबा, तू त्यांच्याकडे भांडं मागायला जातोस आणि पिशव्या भरून देतोस? आमच्या गावात भांडं दिलं की विसरायचं. ते आपल्या पायाने येतं. तू घाई केलीस की त्यांना वाटतं, आपण अजून काहीच दिलं नाही."

"पण मला रविवारी हवंय! म्हणजे तिसऱ्या रविवारी!"

"मग खरं सांग ना."

"कुणाला?"

प्लासिडने माझ्याकडे पाहिलं, आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. अशा वेळी मास्तर लोक फार तापदायक असतात.

जितेशचा सल्ला वेगळा होता. तो गेटपासांची फाईल घेऊनच आला. "काका, तुमचा गुलाबी पास मे महिन्यापासून ओपन आहे. एक पितळी पातेलं. कमिटीचं ठरलंय, दिवाळीनंतर ओपन पासवाल्यांची नावं ग्रुपवर टाकायची."

"ग्रुपवर?" मी खुर्चीतून उठलोच. "अरे, तिथे मनोरमा आहे."

"हो ना, मालक म्हणून काकूंचंच नाव येईल. आणि क्लोजिंगला सहीपण त्यांचीच लागेल. करिता चालणार नाही. मागच्या वेळी चाललं, ती आमची चूक."

मी त्याला म्हटलं, बाबा, माझ्या नावाने टाक, लिही की मी चोर आहे, दरोडेखोर आहे, पण तिचं नाव नको. जितेश म्हणाला, "काका, सिस्टीममध्ये दरोडेखोर हा ऑप्शन नाही." मग जाता जाता, "तो मोहिमेचा लेख तेवढा शुक्रवारपर्यंत द्या."

सहावी मोहीम मी ठाम निश्चयाने काढली. चिवडा नाही, लाडू नाही, रिकाम्या हाताने. पण निघताना मनोरमेने अकरांपैकी सहा नारळ पोत्यात घालून स्कूटरच्या पायाशी ठेवले. "एवढ्या नारळांचं मी काय करू? होळीच्या बाजाराजवळ तुमच्या आत्या राहतात ना, त्यांच्याकडे देऊन पुढे जा." होळीचा बाजार हे आमच्याकडे जागेचं नाव. तिथे एक म्हैस रस्त्यात आडवी उभी होती. मी ब्रेक मारला, पोतं फुटलं, आणि सहा नारळ सहा दिशांना गेले. मी हेल्मेट घातलेल्या अवस्थेत गुडघ्यांवर बसून एका भाजीच्या पाटीखालून नारळ ओढत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला, "कसे दिले?"

एक बाई. पिशवी उघडून उभी.

"विकायला नाहीत," मी म्हटलं.

"मग रस्त्यावर का मांडलेत?"

निवृत्त असिस्टंट मॅनेजर म्हणून यावर काय बोलायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तोवर दुसरी बाई आली, तिने नारळ कानाशी हलवला आणि "यात पाणी नाही" असा निकाल दिला. मला इतका राग आला की मी ओरडलो, "पाणी आहे!" आणि तिसऱ्या क्षणाला चार बाया गोळा झाल्या. एक नारळ मी चक्क भेट देऊन सुटका करून घेतली. त्या बाईने वळून विचारलं, "उद्या येणार का?"

उरलेले पाच नारळ आत्याकडे टाकून गिरीजला पोचलो तेव्हा माझे गुडघे मळलेले आणि डोकं तापलेलं. भूपेश घरी होता. बायजा अंगणात चटईपाशी बसली होती. चटईवर सोललेली राजेळी केळी उन्हात पसरली होती, आणि शेजारी, चिंचेने घासून लख्ख केलेलं, सासूबाईंचं पातेलं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी ते उचलायला पुढे झालो, तशी बायजा म्हणाली, "अजून नाय भरला, साहेब."

"काय नाही भरलं?"

तिने फडकं बाजूला केलं. पातेल्यात खाली, वाळक्या केळीच्या पानांत बांधलेल्या सुकेळ्यांच्या जुड्या होत्या. तिसरा हिस्साही भरला नव्हता. "लग्नाचा भांडा रिकामा कसा धाडू? मे म्हयन्यात लगीन. मग पाऊस. ऊन नाय तर सुकेळी कशी होनार? यंदा तर दिवाळीपर्यंत पानी. एक चटई भिजली, टाकून दिली."

म्हणजे पाच महिने ही म्हातारी उन्हाची वाट बघत होती. आणि मी पिशव्या नेत होतो.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"ऊन राहिला तर तीन हप्ते."

साखरपुड्याला नऊ दिवस होते. माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मला रिकामंच द्या. अर्धं द्या. कसंही द्या. आजी, ते भांडं माझं नाही. माझ्या बायकोच्या आईचं आहे. मी तिला न विचारता दिलं. तिला माहीत नाही. ती समजते ते माळ्यावर आहे. तिथे टब आहे."

भूपेशने मान खाली घातली. बायजा हातातली सुकेळ्याची जुडी खाली ठेवून उठली. आता ती कीव करेल, असं मला वाटलं. ती रागावली होती.

"तिच्या आयचा भांडा? आनि तिला ठावूक नाय? माज्या नातीचा मांडव तिला न इचारता घेतलेल्या भांड्यावर झाला?" तिने पदर खोचला. "साहेब, मी हा तुमच्या हातात नाय देनार. भरलेला बी नाय, रिकामा बी नाय. जिचा हाय तिलाच देन."

मी भूपेशकडे पाहिलं. भूपेश म्हणाला, "आई बोलली म्हणजे झालं, साहेब." मी निघालो तेव्हा पहिल्यांदाच हँडलला काही अडकवलेलं नव्हतं.

घरी आलो. दार उघडंच. मनोरमा स्टुलावर उभी. तिच्या हातात सुतळी आणि जुनी चादर, आणि तिच्यासमोर माळ्यावर पालथा, निळा, आपला टब.

ती वळली. खाली उतरली नाही. मला स्टुलावरच्या माणसाला उत्तर देण्याचा अनुभव नव्हता, त्यामुळे मी वर बघत सगळं सांगितलं. लांजा, भूपेश, पन्नास लिटर, गुलाबी पास, 'करिता', पिशव्या, शब्दाचा अभ्यास, सुकेळी. ती मधे एकदाच बोलली. "म्हणजे किल्ला नव्हताच?"

"नव्हता."

"आणि मी महिनाभर लाडू करतेय."

"फार आवडले त्यांना," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं.

ती उतरली, टब काढून बाथरूममध्ये नेऊन ठेवला, हात धुतले, साडी बदलली. चांगली, हिरव्या काठाची. एका पिशवीत खण, तांदूळ आणि एक नारळ घेतला. मग दारात उभी राहून म्हणाली, "चला."

सगळा रस्ता ती मागे बसून एक अक्षर बोलली नाही. तुम्हाला सांगतो, ओरडली असती तर मी स्कूटर नीट चालवली असती.

बायजाने तिला दुरूनच ओळखलं, मला वाटतं चालण्यावरून. तिने पाट मांडला, पाणी दिलं, आणि मग एकदम हात जोडून म्हणाली, "माफी द्या बाय. आमाला ठावूक नवता."

मनोरमेने तिचे हात धरून खाली केले. पातेल्यापाशी गेली. काठावर एका ठिकाणी पोचा आहे, तिथे तिने बोट ठेवलं. "हा मी पाडलाय. सहा वर्षांची होते. आईने दोन दिवस अबोला धरला होता." मग आत पाहिलं. "किती माणसं जेवली?"

"चारशे."

"काय केलं होतं?"

"दुदी घालून खीर. पहिल्यांदा भीती वाटली, पुरेल का. सगल्यात शेवटी मी बसले, तरी दोन वाट्या निघाल्या."

मनोरमा हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "आईचं असंच व्हायचं. शेवटी दोन वाट्या." मग पदराने डोळे पुसून तिने बायजाची ओटी भरली. तीनशे मीटरवरच्या सासरहून मनाली धावत आली आणि वाकून नमस्कार केला, तिचीही भरली. मी आणि भूपेश केळीच्या बुंध्यांजवळ उभे होतो. दोघांनाही कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं.

"आता न्या बाय," बायजा म्हणाली. "भरला नाय, पन तुमचा हाय. माज्याकडं दुसरा काय नाय घालायला."

"अर्धं नाही नेणार मी," मनोरमा म्हणाली.

"अगं, साखरपुडा!" मी पुढे झालो. "नऊ दिवस!"

ती माझ्याकडे न बघता बायजाला म्हणाली, "तुमच्या अंगणात चूल आहे ना?"

"हाय की."

"पासष्ट माणसं मावतील?"

बायजाने अंगणाकडे पाहिलं, वाडीकडे पाहिलं. "चारशे मावली."

असा आमच्या उन्नतीचा साखरपुडा गिरीजच्या वाडीत ठरला. हॉलचं बुकिंग रद्द करायला जितेशचा एक फॉर्म आहे, तो मी त्याच संध्याकाळी भरला, खरा. व्याह्यांना मनोरमेने स्वतः फोन केला. त्यांना वाटलं, मुद्दाम निसर्गरम्य ठिकाण शोधलंय. ते फार खूश झाले. गुलाबी पास ग्रुपवर गेलाच. मनोरमेने त्याखाली लिहिलं, 'वस्तू माझ्या माहितीत आहे.' लेख मी शुक्रवारी दिला. एकच परिच्छेद होता. जितेश म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाला होता फार मोठा विषय आहे." मी म्हटलं, "आहे. पण मला पुरता कळलेला नाही." त्याने तेवढंच छापलं, आणि पानाच्या उरलेल्या जागेत पाणीकपातीचं वेळापत्रक.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी गिरीजहून परत येताना होळीचा बाजार मागे पडेपर्यंत मनोरमा गप्पच होती. मला राहवेना. मी हेल्मेटमधूनच म्हटलं, "बोल काहीतरी. शिव्या दे हवं तर."

"विचारायचं होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

बाजूने एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"हो," ती म्हणाली. "नाहीच म्हटलं असतं. आईचं भांडं कोणाला देते मी!" मग, "आई गेल्यापासून मीच ते माळ्यावर पालथं घातलं होतं. अकरा वर्षं. हात लावायचा धीर होत नव्हता. आणि तिथे चारशे माणसं जेवली."

मी स्कूटर बाजूला घ्यायला लागलो. मला वाटलं ती रडते आहे. तिने माझा खांदा घट्ट धरला.

"थांबू नका. खूप कामं आहेत. आणि ऐका, पुढच्या वेळी आधी विचारा मला. मी नाहीच म्हणेन. पण विचारा."